दुसऱ्या अर्थाचा धनी कोण? : लोकप्रिय गीतांतील लाक्षणिक भाषा आणि नैतिक उत्तरदायित्व

१

लोकप्रिय गीतांतील द्व्यर्थी भाषेविषयी मराठीत होणारी चर्चा बहुधा दोन ठरीव युक्तिवादांभोवती फिरत राहते. पहिला युक्तिवाद गीतकाराच्या बाजूने केला जातो. गीतातील शब्द शेताचे, पाखराचे, विड्याचे किंवा पतंगाचे आहेत. त्यांत गैर असे काही नाही. गैर काही असलेच तर ते ऐकणाऱ्याच्या मनात आहे, असे तो सांगतो. दुसरा युक्तिवाद अभिरुचीच्या रक्षकांचा असतो. वरवर निर्दोष दिसणारे हे शब्द मुळात दुसऱ्याच गोष्टीसाठी योजलेले असून दोष शब्दांतच आहे, तेव्हा ते शब्द बदलले वा वगळले की प्रश्न मिटतो, अशी त्याची धारणा असते. परस्परविरोधी वाटणारे हे दोन्ही युक्तिवाद एका गृहीतकावर उभे आहेत. दुसरा अर्थ ही कोणा एकाच्या ताब्यातील वस्तू असून ती कोठे दडवली आहे एवढेच शोधून काढायचे आहे, हे ते गृहीतक होय. पहिला पक्ष ती श्रोत्याच्या घरी सापडल्याचे सांगतो, तर दुसरा पक्ष ती संहितेतून हस्तगत करतो.

या गृहीतकाची तपासणी केल्याशिवाय लोकप्रिय गीतांच्या नैतिकतेचा प्रश्न नीट मांडताच येत नाही. लाक्षणिक भाषेत दुसरा अर्थ निर्माण होतो तो बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो, अशा किमान तिघांच्या संबंधातून. म्हणून 'दुसरा अर्थ अश्लील आहे काय?' या प्रश्नाच्या आधी 'या तिघांपैकी दुसऱ्या अर्थात सहभागी कोण आहे आणि त्यापासून वंचित कोण आहे?' हा प्रश्न विचारला पाहिजे. नैतिक निर्णयाचा खरा आधार या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

हा प्रश्न भारतीय साहित्यविचाराला नवा नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त वाच्यार्थ आणि प्रतीयमान अर्थ यांतील भेद दाखवताना महाराष्ट्री प्राकृतातील एका गाथेचा आधार घेतला. हालाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'गाथासप्तशती'त ही गाथा येते. एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला निर्धास्तपणे हिंडण्यास सांगते. ज्या कुत्र्याची त्याला भीती वाटत होती, त्या कुत्र्याला गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकले आहे, असे ती त्याला कळवते. वाच्यार्थ पाहिला तर ही अनुज्ञा आहे. प्रतीयमान अर्थ मात्र निषेधाचा आहे. कुत्र्याला भिणारा मनुष्य सिंहाच्या झाडीत पाऊल टाकणार नाही आणि तिचे संकेतस्थळ सुरक्षित राहील. टीकाकारांनी या गाथेवर पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत संदर्भात एक गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. या गाथेतील दुसरा अर्थ बोलणाऱ्या स्त्रीचा स्वतःचा आहे. तो तिने योजला आहे, त्याचा लाभ तिला होणार आहे आणि रसिक वाचक तिच्या चातुर्याला दाद देतो ती तिच्या बाजूने उभे राहून.

आनंदवर्धनाच्या मते हा दुसरा अर्थ व्यंजना या शब्दशक्तीने प्रतीत होतो. अकराव्या शतकातील महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. शब्दाला अभिधेखेरीज दुसरी शक्ती मानण्याचे कारण नाही; ज्याला व्यंग्यार्थ म्हणतात तो श्रोत्याने केलेल्या अनुमानाचा विषय असतो, अशी त्याची भूमिका होती. साहित्यशास्त्राच्या इतिहासात हा वाद प्रमाणमीमांसेचा म्हणून ओळखला जातो, पण त्याला एक नैतिक बाजूही आहे. दुसरा अर्थ शब्दशक्तीने येत असेल तर त्याचे उत्तरदायित्व शब्द योजणाऱ्याकडे जाते. तो अनुमानाने येत असेल तर अनुमान करणाऱ्याचा वाटा मोठा ठरतो. 'पाप तुमच्या मनात आहे' असे म्हणणारा गीतकार नकळत महिमभट्टाच्या पंगतीला बसतो. मात्र महिमभट्टाचे मत त्याला वाटते तितके त्याच्या सोयीचे नाही. अनुमानाला हेतू लागतो. धूर दिसल्याशिवाय अग्नीचे अनुमान होत नाही आणि येथे धूर कोणी केला हा प्रश्न शिल्लक राहतोच. श्रोत्याने अमुकच अनुमान करावे अशी सर्व सामग्री ज्याने मांडून ठेवली, त्याला अनुमानाशी आपला संबंध नाही असे म्हणता येत नाही.

मम्मटाचे विवेचन या दृष्टीने अधिक उपकारक आहे. अनेकार्थी शब्दाचा एक अर्थ प्रकरणाने नियंत्रित झाल्यावरही दुसरा अर्थ प्रतीत होत राहतो, तेव्हा ती अभिधामूला व्यंजना होय, असे 'काव्यप्रकाश' सांगतो. श्लेषात दोन्ही अर्थ वाच्य असतात, म्हणून कवीला दोहोंचीही जबाबदारी घ्यावी लागते. अभिधामूला व्यंजनेत एक अर्थ वाच्य राहतो आणि दुसरा नाकारता येतो. द्व्यर्थी गीताचे सारे सामर्थ्य या नाकारता येण्यात आहे. तेव्हा अशा गीतांना सरसकट 'श्लेषप्रधान' म्हणणे हे शास्त्रदृष्ट्या सैल तर आहेच, शिवाय त्यामुळे त्यांचा नैतिक पेचही झाकला जातो. मम्मटाने अश्लीलत्व हा दोष व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल अशा तीन प्रकारांत विभागला आणि विशिष्ट प्रसंगी तोच गुण ठरतो असेही सांगितले. प्रणयगोष्टीत द्व्यर्थी पदांनी गुप्त गोष्ट सुचवणे हा अशा प्रसंगांपैकी एक होय. दोषाचा गुण होतो तो बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग पाहून, ही दृष्टी शब्दांची यादी करून अश्लीलता ठरवणाऱ्या आधुनिक नियमनापेक्षा कितीतरी सूक्ष्म आहे.

३

पाश्चात्त्य तत्त्वचिंतनातही हा वाद वेगळ्या परिभाषेत झाला आहे. डोनाल्ड डेव्हिडसन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये 'क्रिटिकल इन्क्वायरी' या नियतकालिकातील निबंधात रूपकाला दुसरा अर्थ असतो ही कल्पनाच नाकारली. त्याच्या मते रूपकातील शब्दांचा अर्थ त्यांच्या वाच्यार्थाखेरीज काहीही नसतो. रूपक फक्त काही एक लक्षात आणून देते. त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात टेड कोहेन याने रूपकाचा विचार निराळ्या बाजूने केला. रूपक करणारा एक झाकलेले आमंत्रण देतो, स्वीकारणारा विशेष प्रयत्न करून ते स्वीकारतो आणि या देवाणघेवाणीतून दोघांमध्ये एक जवळीक निर्माण होते, असे त्याचे म्हणणे आहे. ही जवळीक नेहमी स्नेहाचीच असते असे नाही, हेही तो मान्य करतो.

लोकप्रिय गीतांच्या विचाराला कोहेनची ही मांडणी विशेष उपयोगी आहे, कारण ती अर्थाच्या ठिकाणाऐवजी अर्थाने जोडल्या जाणाऱ्या माणसांकडे लक्ष वेधते. द्व्यर्थी ओळ कानावर पडताच प्रेक्षागृहात हशा उसळतो, तेव्हा त्या हशाने एक समूह तयार होतो. 'आम्हाला कळले' हे त्या समूहाचे ओळखपत्र असते. असा समूह तयार होणे यात स्वतःहून वाईट असे काही नाही. वाङ्मयाचा आस्वाद असाच समूह घडवत असतो. परंतु कोणत्याही जवळिकीप्रमाणे हिलाही एक बाहेरची बाजू असते. समूहाच्या आत कोण आले हे पाहताना बाहेर कोणाला ठेवले हेही पाहावे लागते. एखाद्याच्या अज्ञानावर दोघांनी डोळे मिचकावणे आणि तिघांनी मिळून हसणे या दोन निराळ्या नैतिक कृती आहेत. उच्चारलेले शब्द दोन्ही वेळा तेच असले तरीही हा फरक उरतो.

४

गाथेतील स्त्री एकटी बोलते. लोकप्रिय गीतात बोलणारा एक नसतो, आणि येथे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. चित्रपटगीत लिहितो एक, त्याला चाल लावतो दुसरा, गाते तिसरी, पडद्यावर ओठ हलवते चौथी आणि कथेच्या पातळीवर ते एखाद्या पात्राच्या मुखातून आलेले असते. मम्मटाने आर्थी व्यंजनेची निमित्ते सांगताना वक्ता, श्रोता, काकू, वाक्य, वाच्य, अन्यसंनिधी, प्रकरण, देश आणि काल यांचा निर्देश केला आहे. गीतात यांतील प्रत्येक घटक वेगवेगळ्या हातांत असतो. वक्ता लेखणीत आहे, काकू गळ्यात आहे, अन्यसंनिधी नृत्यात आहे आणि प्रकरण कॅमेऱ्याच्या ताब्यात आहे. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय होते. उत्तरदायित्व वाटले गेले आहे हे खरे, पण वाटले गेले म्हणून ते नाहीसे होत नाही.

काकू आणि अन्यसंनिधी यांचे सामर्थ्य किती असते हे बैठकीच्या लावणीने दाखवून दिले आहे. यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) यांच्यासारख्या कलावतीच्या गायनाची आणि अदाकारीची ख्याती या बैठकीच्या लावणीतील होती. बैठकीच्या लावणीत गीताची एकच ओळ पुनःपुन्हा घेतली जाते आणि प्रत्येक आवर्तनात मान, डोळे, हात यांच्या सूक्ष्म हालचालींनी तिच्यातून निराळा भाव काढला जातो. कागदावरच्या ओळीत यांतील फारच थोडे असते. शाहिराने शब्द दिले, दुसरा अर्थ मात्र कलावती घडवते. तो किती उघडायचा, किती राखायचा आणि कोणाकडे पाहून उघडायचा, याचा निर्णय तिचा असतो. येथे दुसऱ्या अर्थाची धनीण ती आहे असे कलादृष्ट्या म्हणता येते.

चित्रपटात हा निर्णय तिच्या हातातून बराचसा जातो. १९९३ मध्ये 'खलनायक' या हिंदी चित्रपटातील एका गीतावरून देशभर वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंतही गेला. त्या गीताची रचना प्रश्नोत्तराची आहे. एक स्त्रीकंठ सूचक प्रश्न विचारतो, दुसरा हृदयाचा निर्देश करून निरागस उत्तर देतो. प्रश्न व्यंजनेसाठी आहे आणि उत्तर बचावासाठी. संहितेपुरते पाहिले तर दोन स्त्रियांच्या खेळकर संवादाची ही लोकगीतांत रुळलेली रीत आहे आणि त्यात दोघीही दुसऱ्या अर्थाच्या सहभागी आहेत. कथेतही ते गीत खलनायकाला भुलवण्यासाठी वेषांतर केलेली पोलीस अधिकारी गाते. म्हणजे पात्राच्या पातळीवरही ती अज्ञ नाही. असे असताना वादाचे मूळ कोठे शोधावे? शब्दाने मोकळी ठेवलेली जागा प्रतिमेने भरून काढली, हे त्याचे एक उत्तर आहे. व्यंजना श्रोत्याकडे काही काम सोपवते. कॅमेरा ते काम आधीच करून टाकतो आणि श्रोत्याला केवळ पाहणारा बनवतो. आमंत्रण देणे आणि स्वीकारणे यांतील दोघांचा व्यवहार मग उरत नाही. जिच्या मुखात प्रश्नोत्तर घातले तीच व्यक्ती दृश्याचा विषय होते. उत्तरदायित्वाचा तोल येथे शब्दाकडून दृश्याकडे सरकतो आणि केवळ शब्दांवर चाललेला वाद त्यामुळे नेम चुकलेला वाटतो.

५

यावरून एक निकष सुचवता येतो. गीतातील जो 'मी' बोलतो, किंवा ज्याच्याविषयी बोलले जाते, तो दुसऱ्या अर्थात सहभागी आहे काय? हा निकष गीतकाराच्या खासगी हेतूवर अवलंबून नाही. संहितेची आणि प्रयोगाची रचना पाहून तो तपासता येतो.

एकनाथांची भारुडे या निकषावर तपासण्याजोगी आहेत. सोळाव्या शतकातील या रचनांत जोशी, गोंधळी, भुत्या, महार अशी नाना पात्रे बोलतात. वाच्यार्थ लौकिक असतो आणि दुसरा अर्थ आध्यात्मिक. लावणीत दुसरा अर्थ देहाकडे उतरतो आणि भारुडात तो देहाकडून वर जातो, असा भेद सामान्यतः केला जातो. मात्र भाषेची यंत्रणा दोन्हीकडे एकच आहे. नैतिक दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या पात्राला समाजाने हीन ठरवले तेच पात्र भारुडात दुसऱ्या अर्थाचे जाणते असते. महाराच्या मुखातून येणारा उपदेश त्याला नकळत त्याच्या तोंडी घातलेला नाही. तो जाणून बोलतो, आणि ब्राह्मणाशी होणाऱ्या संवादात समोरच्याला निरुत्तरही करतो. हा आवाज संताने उसना घेतलेला आहे, आणि उसन्या आवाजाचे म्हणून जे प्रश्न असतात ते तेथेही आहेतच. तरीही आवाज उसना घेताना अर्थ काढून घेतलेला नाही, हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

लावणीच्या बाबतीत मात्र हा निकष लावताना एक गंभीर आक्षेप समोर येतो. पेशवाईच्या उत्तरार्धातील लावणी राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर अशा शाहिरांनी लिहिली. बोलणारी नायिका स्त्री आहे, पण तिला बोलते करणारा पुरुष आहे. ती आपली कामना धीटपणे मांडते, श्लेषांशी खेळते, प्रियकराला टोमणे मारते. हे सारे तिचे ज्ञान आहे, की पुरुषाला तिच्या ठायी असावेसे वाटणारे ज्ञान आहे? शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणी कलावतींवरील आपल्या निबंधात जात, लिंगभाव आणि करमणुकीचा व्यवसाय यांचे संबंध उलगडून दाखवले. कनिष्ठ मानलेल्या जातींतील स्त्रियांची लैंगिकता वर्चस्व असलेल्या गटांनी कशी घडवली आणि वापरली, याकडे त्यांनी लक्ष वेधले. दौलतजादा करणारा गिऱ्हाईक लावणीची फर्माईश करतो, तेव्हा त्याने पैसे मोजलेले असतात ते बहुतांशी दुसऱ्या अर्थासाठी. अशा व्यवहारात कलावतीचे 'जाणतेपण' हेही विक्रीच्या मालाचा भाग होऊन बसते.

हा आक्षेप नाकारता येत नाही. परंतु त्यामुळे निकष निरुपयोगी ठरत नाही. उलट तो दोन पातळ्यांवर लावला पाहिजे हे स्पष्ट होते. संहितेच्या पातळीवर नायिका जाणती आहे आणि प्रयोगाच्या पातळीवर कलावती अर्थ घडवते आहे. तिच्या या कर्तृत्वाचा मोबदला, प्रतिष्ठा आणि नकाराचा अधिकार तिला मिळाला काय, हा तिसरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. अन्याय झाला तो या तिसऱ्या पातळीवर. अभिजनांच्या सुधारणावादाने मात्र पहिल्या पातळीवर शस्त्रक्रिया केली. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. पुढे ती उठली तरी संहिता आगाऊ तपासून घेण्याची पद्धत रुजली. शब्द तपासले गेले. गाणारीला नकार देता येतो की नाही हे मात्र तपासले गेले नाही.

दादा कोंडके यांच्या चित्रपटगीतांचा विचार याच चौकटीत करता येतो. 'सोंगाड्या' (१९७१), 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'पांडू हवालदार' (१९७५) या चित्रपटांतील त्यांचा नायक भोळा आहे. तो बोलतो त्याचा दुसरा अर्थ आपल्या गावीही नाही असा त्याचा आविर्भाव असतो. ही भूमिका तमाशातील सोंगाड्याच्या परंपरेतून आली आहे. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात कोंडके यांनी ती गाजवली. तेथे या भोळेपणाचा रोख वर, सत्तेकडे होता. राजा आणि कोतवाल यांना न कळणारा अर्थ प्रेक्षकाला कळे आणि सत्ताधारी हास्यास्पद ठरत. दुबळ्याने वापरलेली द्व्यर्थी भाषा हे त्याचे संरक्षण असते, कारण उघड बोलणे त्याला परवडणारे नसते. हीच युक्ती प्रणयगीतात आली की तिची दिशा बदलू शकते. ज्या द्वंद्वगीतांत नायिका तोडीस तोड उत्तर देते, तेथे दोघेही जाणते आहेत आणि तो खेळ बरोबरीचा आहे. जेथे नायिका खरोखरच अजाण दाखवली जाते आणि भोळा नायक व प्रेक्षक तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात, तेथे सोंगाड्याचा भोळेपणा दुबळ्याचे संरक्षण राहत नाही. तो बलवानाचा बचाव होतो. एकाच कलावंताच्या, कधी एकाच चित्रपटातील दोन गीतांत हा फरक असू शकतो. म्हणून 'कोंडकेपट अश्लील की लोकपरंपरेतले?' असा सरसकट प्रश्न समीक्षेच्या उपयोगाचा नाही.

६

दुसऱ्या अर्थात कोण सहभागी आहे हे पाहताना उपमान कोठून आणले आहे याचाही विचार करावा लागतो. उपमान ही केवळ सजावट नसते. ते आपल्याबरोबर एक संबंधव्यवस्था घेऊन येते. स्त्री म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज हे रूपक मनुस्मृतीत स्पष्टपणे आले आहे. लीला दुबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सीड अँड अर्थ' या निबंधात या रूपकामागील सामाजिक व्यवहार उलगडला. शेताचा धनी तोच पिकाचा धनी, हा न्याय या रूपकातून अपत्यावरील आणि स्त्रीदेहावरील हक्काला लागू होतो. लोकप्रिय गीत जेव्हा यौवनाला पिकाची, राखणीची, पाखरांनी दाणे टिपण्याची भाषा देते, तेव्हा त्या भाषेबरोबर राखणदार आणि मालक हेही येतात. गीत त्यांची नावे घेत नाही, पण पीक म्हटले की ते गृहीत धरलेलेच असतात.

उसाचा फड हे यातले लक्षणीय उदाहरण आहे. फड हा शब्द उसाच्या शेतालाही लागतो, तमाशाच्या संचालाही लागतो आणि कुस्तीच्या मैदानालाही. तुरा उसाला येतो, फेट्यालाही असतो आणि कलगी-तुऱ्याच्या सामन्यातही. उसाला तुरा येणे ही तोडणीला उशीर करू नये अशी शेतकऱ्याच्या व्यवहारातील खूण आहे. सहकारी साखर कारखानदारीच्या विस्ताराच्या काळातच ग्रामीण मराठी चित्रपटात उसाच्या फडाला हे लाक्षणिक स्थान मिळाले, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येणार नाही. फडाकडे पाहणारी दृष्टी येथे बांधावर उभ्या असलेल्या बागायतदाराची आहे. फडात वाकून ऊस तोडणारी स्त्रीही याच प्रदेशात आहे. तिच्या श्रमाच्या व्यवहारातही एक लक्षणा रूढ आहे. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि उचल दिली जाते ती कोयत्यावर. अवजाराने माणसे निर्दिष्ट व्हावीत आणि दोन माणसांचे मिळून एक अवजार व्हावे, ही लक्षणा कोणत्याही शाहिराने रचलेली नाही. पण तिच्यामुळे स्त्रीच्या श्रमाची वेगळी नोंदच होत नाही. फडाचे गाणे ऐकणारा श्रोता रूपकाला दाद देतो, तेव्हा त्याच फडातील ही दुसरी लाक्षणिक भाषा त्याच्या कानावर आलेली नसते. दोहोंपैकी कोणत्या भाषेला 'अश्लील' म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

उपमान बोलणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवातून आले की चित्र पालटते. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रकाशित झाली. त्यांतील चूल, तवा, मोट, पेरणी ही उपमाने बहिणाबाईंच्या हातांना माहीत असलेली आहेत. चटका बसलेला हात आणि रूपक करणारी वाणी एकाच बाईची आहे. तिची गाणी घरोघर गायिली गेली, तरी त्यांतील अर्थाची मालकी कोणाला हिरावता आली नाही.

स्त्रीच्या कामनेचे गीत पुरुषाने लिहिले तर ते अपरिहार्यपणे परके होते काय? तसे म्हणता येणार नाही. 'जैत रे जैत' (१९७७) या चित्रपटासाठी ना. धों. महानोर यांनी लिहिलेल्या गीतांत रान, पाऊस, रात्र, झाड या प्रतिमा चिंधी या ठाकर तरुणीच्या इच्छेची भाषा होतात. ते रान कोणाच्या मालकीचे शेत नाही, त्यामुळे राखणीचा आणि लुटीचा संदर्भ तेथे उमटत नाही. देह सूचित होतो, पण तो बोलणारीने स्वतः सूचित केलेला देह आहे. शृंगार उघड असूनही या गीतांविषयी अश्लीलतेचा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करत नाही. त्याचे कारण भाषेच्या संयमात शोधले जाते. निदान अंशतः तरी ते अर्थाच्या मालकीत आहे.

७

कायद्याला हा भेद कितपत पेलता येतो? १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ ने सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल अशा रीतीने अश्लील गीत गाणे हा अपराध ठरवला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम २९६ म्हणून कायम आहे. हे कलम लिहिणाऱ्यापेक्षा गाणाऱ्याकडे पाहते. गीत ही कृती आहे आणि ती कोणापुढे घडते याला महत्त्व आहे, एवढे तरी त्यात मान्य झाले आहे. पण गाणारी व्यक्ती ही साखळीतील बहुधा सर्वांत दुर्बळ कडी असते आणि कायद्याचा हात नेमका तिच्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचतो. चित्रपटाचे परीक्षण एखादा शब्द वगळते वा बदलून घेते. बदललेला शब्द जुन्या शब्दाची आठवण करून देत दुसरा अर्थ अधिकच ठळक करतो, हा अनुभव सर्वपरिचित आहे. व्यंजना शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवून नाहीशी होत नाही, कारण ती संबंधांत असते.

या निकषाविरुद्ध आणखी एक आक्षेप संभवतो. समीक्षकाने गीतातील पात्रांच्या जाणतेपणाचा हिशेब मांडावा ही वाङ्मयबाह्य उठाठेव आहे आणि रूपकाचे मूल्य त्याच्या ताजेपणावर ठरले पाहिजे, असे म्हटले जाईल. परंतु दुसरा अर्थ कोण जाणतो हे ठरवल्याशिवाय गाथेतील त्या स्त्रीच्या बोलण्याचा अर्थच लागत नाही. ती अजाण मानली तर तिची वाणी साधी बातमी ठरते, आणि जाणती मानली तरच ध्वनी संभवतो. बोलणाऱ्याचे जाणतेपण हा अर्थनिर्णयनाचा भाग आहे. नैतिक विचार बाहेरून आणून गीतावर लादावा लागत नाही. अर्थ लावण्याच्या क्रियेतच तो येऊन बसलेला असतो.

लोकप्रिय गीत लाखो लोकांच्या ओठांवर असते आणि ते म्हणणारा प्रत्येकजण काही क्षण त्या गीतातला 'मी' होतो. एखादी मुलगी घरकाम करताना, एखादी बाई फडात, एखादा तरुण मोटारसायकलवर ते गुणगुणतो, तेव्हा त्या 'मी'बरोबर त्याचे जाणतेपण किंवा अजाणतेपणही त्यांच्याकडे येते. ज्या गीताने आपल्या नायिकेला दुसऱ्या अर्थाबाहेर ठेवले आहे, ते गीत गाणारी मुलगी स्वतःविरुद्धच्या हशात आपला सूर मिसळत असते. त्या गीतातील एकही शब्द आक्षेपार्ह नसेल. गीतकार, संगीतकार, गायिका आणि दिग्दर्शक यांपैकी प्रत्येकाला आपल्यापुरता निर्दोष बचावही करता येईल. समीक्षेने अशा वेळी शब्दकोश मिटून ठेवावा आणि गीताच्या अर्थव्यवहारात त्या मुलीला जागा आहे की नाही, एवढे विचारावे.